उंबरठागौरीची खरी हकीकत

मी आयुष्यात एकच देवी निर्माण केली, आणि तीही फणसवाडीतल्या एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, तांदूळ निवडता निवडता. आज ती दादरपर्यंत पोचली आहे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढे डोंबिवलीपर्यंत गेली असं ऐकते. तिच्याकडून मला अजून एक नारळही आलेला नाही, पण तक्रार नाही. हकीकत मात्र खरी सांगितली पाहिजे, कारण खोटी मीच सांगितली होती.

तेव्हा मी नवी नवरी होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची शेवटची वर्षं चालली होती. आमच्या चाळीतला प्रत्येक पुरुष सकाळी कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, कचेरीत साहेबासमोर मान खाली घालून उभा राही आणि संध्याकाळी चाळीच्या चौकात दिल्लीला दम भरी. दिल्लीला ते ऐकू जाई की नाही ठाऊक नाही, पण ठाकूरद्वारच्या नाक्यावरचा इराणी म्हणे, तुमची सभा सुरू झाली की माझ्या बशीतला चहा हिंदकळतो. चाळीची स्वतःची एक समिती होती. जिन्याखालची अंधारी खोली हे तिचं कार्यालय. त्यात झेंडे, फलक, खळीचा डबा आणि एक बाकडं. अध्यक्ष होते निवृत्त पोस्टमास्तर. कुठलाही प्रश्न आला की शिक्का मारून पुढच्या गावी रवाना करायचा, ही सवय त्यांची निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. चिटणीस होते आमचे हे. ह्यांचं अक्षर सुरेख, आणि चाळीत कुणी शिंकलं तरी ते वृत्तांताच्या वहीत उतरवून खाली 'सर्वानुमते' लिहायचं, हा ह्यांचा धर्म.

आणि समितीची तोफ म्हणजे सतरा नंबरातले वक्ते. खरं नाव काहीही असो, सगळी चाळ त्यांना वक्तेच म्हणे. कोटातल्या एका कचेरीत कारकून, पण चौकात खुर्चीवर उभे राहिले की अंगात इतिहास संचारत असे. ते 'माता' म्हणाले की तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या धोतरांनासुद्धा भरून येई. "महाराष्ट्राच्या लेकीवर उचललेला हात आम्ही खांद्यापासून उखडून काढू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या वाक्याला मी पहिल्यांदा रडले होते. तेव्हा मला चाळीत येऊन चारच दिवस झाले होते, आणि आमची खोली अठरा नंबरची आहे, मधली भिंत लाकडाची आहे, हे लक्षात यायचं होतं.

वक्ते वहिनींना मारत. हे वाक्य मी मुद्दाम साधं लिहिलंय. माझा स्वभाव मुंगीचा ऐरावत करण्याचा आहे, पण इथे काही फुगवण्यासारखं नव्हतं.

वहिनी म्हणजे वक्त्यांच्या पत्नी, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठ्या, मूलबाळ नाही. चाळीतल्या सगळ्या मुलींच्या पोलक्यांवर त्यांनी भरलेली फुलं असत. माहेर कोकणात, भावाला दोनदा पत्र घातलं तर दोन्ही वेळा उत्तर एकच, जरा सांभाळून घे, इथे जागा कुठे आहे. एकदा नळावर मी त्यांना म्हटलं, "वहिनी, जाता का कुठे चार दिवस?"

त्या कळशी विसळत म्हणाल्या, "कुठे जाऊ गं? आणि मी का जाऊ? ही खोली मी सारवली-रंगवली, खिडकीतली तुळस माझी. मला इथेच राहायचंय. फक्त सहा वाजले की पोटात गोळा यायला नको."

एवढंच मागणं होतं. त्यांचे यजमान त्याच वेळी बेळगाव, कारवार, निपाणी आणि मुंबई मागत होते.

आमच्या बायकांच्या पुढारी होत्या पंधरा नंबरातल्या माई. ऐन विशीत विधवा झालेल्या; चाळीतली निम्मी प्रजा त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे अध्यक्षांचे चिरंजीवसुद्धा त्यांच्यासमोर बसताना आधी परवानगी घेत. माईंनी तीन महिने नुसतं निरीक्षण केलं आणि मग डॉक्टरच्या थाटात निदान सांगितलं. "गो, सभेत ह्याला टाळ्या कमी पडल्या की हा घरी जाऊन हात चालवतो. भरपूर पडल्या की पान खाऊन झोपतो."

तेव्हा आमचा पहिला उपाय ठरला, तो म्हणजे टाळ्या.

आम्ही वीसेक बायका प्रत्येक सभेला सतरंजीवर सगळ्यांत पुढे बसू लागलो. वक्ते 'भगिनींनो' म्हणाले की टाळ्या. पाणी प्यायले की टाळ्या. एकदा त्यांना ठसका लागला, तर आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या इतक्या बांगड्या फुटल्या की कासार आमच्याच मजल्यावर मुक्कामाला यायचा बाकी राहिला. उपाय लागू पडला, पण औषधाचे नको ते परिणाम व्हावेत तसे झाले. वक्त्यांची अशी समजूत झाली की आपण खरोखरच वक्ते आहोत. भाषण वीस मिनिटांचं होतं ते दीड तासाचं झालं. परळहून, दादरहून बोलावणी येऊ लागली, आणि तिथे आम्ही नसायचो. परळच्या सभेच्या दुसऱ्या दिवशी वहिनी नळावर पदर गालापर्यंत ओढून येत.

मग एक संध्याकाळ अशी आली की आमच्याच चौकात लालबागचा एक गिरणी कामगार पाहुणा म्हणून बोलायला आला. अंगात साधा सदरा, हातात कागद नाही, बोलणं मालवणी वळणाचं. दहाच मिनिटं बोलला, पण असं बोलला की आमच्या हातांनी फितुरी केली. सगळ्या टाळ्या त्याच्यावरच खर्च झाल्या. पाठोपाठ वक्ते उठले तोवर लोक चपला शोधत होते. आम्ही वाजवल्या, पण हातात दम नव्हता, आणि ते त्यांनी ओळखलं.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून जे ऐकू आलं ते मी लिहिणार नाही. आमचे हे सभेचा वृत्तांत लिहीत होते. टाक थांबला. मी उठले तशी म्हणाले, "अगं, त्यांच्या घरातली गोष्ट आहे." मग टाक पुन्हा चालू झाला. मी जाऊन सतरा नंबरचं दार ठोठावलं. आतून वक्त्यांनी अगदी मधाळ आवाजात विचारलं, "कोण आहे? काही हवंय का?"

मी वाटीभर साखर मागितली.

मी, जिने पुढे देवी उभी केली, तिला त्या क्षणी साखरेपलीकडे काही सुचलं नाही. साखर मिळाली, वक्त्यांनीच दाराच्या फटीतून दिली. मी ती कधीच वापरली नाही.

दुसऱ्या दिवशी आमचा मोर्चा होता, आणि बायकांना पुढे ठेवायचं ठरलं होतं. बायका पुढे असल्या की पोलिसांचे हात अवघडतात, असा अध्यक्षांचा डावपेच. वहिनी आल्या त्या डावा डोळा जवळजवळ मिटलेला आणि गालाचं जांभूळ झालेलं, अशा. मी म्हटलं, "अहो, घरी पडून राहायचं ना." म्हणाल्या, "घरी राहिले तर हेही रजा काढून राहतील." तशाच चौपाटीपर्यंत चालल्या. पोलिसांनी त्या दिवशी आम्हाला बोटही लावलं नाही. उलट एका हवालदाराने आम्हाला रस्ता ओलांडता यावा म्हणून ट्राम थांबवली आणि माईंना "सावकाश आजी" म्हणाला.

संध्याकाळी सभेत अध्यक्षांचं लक्ष त्या डोळ्याकडे गेलं. आता, लाठी हा शब्द पहिल्यांदा कुणी काढला हे मला शपथेवर सांगता येणार नाही. पण पाच मिनिटांत तो चौकभर झाला. "आपल्या वहिनींवर लाठी पडली." कुणी लाठी पाहिली नव्हती, पण तिची लांबी सांगणारे तीन जण निघाले. वक्त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. तेवढाच वेळ त्यांना लागला. मग ते खुर्चीवर चढले आणि आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण केलं. "हा डोळा पाहा," ते म्हणाले, "हा माझ्या पत्नीचा डोळा नाही, हा महाराष्ट्राचा डोळा आहे." पुरुष रडले. पलीकडच्या चाळीच्या गॅलऱ्या रडल्या. अध्यक्षांनी तिथल्या तिथे आपल्या खांद्यावरची शाल काढून वहिनींना पांघरली, नारळ दिला, आणि कर्ण्यासमोर उभं करून म्हणाले, "दोन शब्द बोला ताई."

वहिनींनी एका डोळ्याने चौकाकडे पाहिलं. मग अगदी हळू, पण कर्णा असल्यामुळे सगळ्या फणसवाडीला ऐकू जाईल असं, त्या म्हणाल्या, "सभा लवकर संपवू नका. एवढीच विनंती."

असा टाळ्यांचा कडकडाट मी जन्मात ऐकला नाही. केवढी ही निष्ठा, असं म्हणत पुरुषांनी टोप्या उडवल्या. सतरंजीवरच्या वीस बायकांपैकी एकीनेही टाळी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी माई आम्हाला घेऊन समितीच्या खोलीत शिरल्या. सगळे कार्यकर्ते होते, वक्तेही होते. माईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की लाठी सतरा नंबरातच राहते, आणि ती आवरा. हे ऐकून डब्यातल्या खळीलासुद्धा कोरड पडली. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "माई, तुमचं म्हणणं रास्त आहे. पण वेळ कोणती आहे? महाराष्ट्र उंबरठ्यावर उभा आहे. आत्ता असले विषय काढले तर शत्रू हसेल. महाराष्ट्र होऊ द्या, मग पहिला विषय हाच."

"वहीत लिहा," माई म्हणाल्या.

आणि आमच्या ह्यांनी लिहिलं. विषय पाच: खोली क्रमांक सतरा येथील घरगुती अशांतता. ठराव: महाराष्ट्र होईपर्यंत तहकूब, होताच अग्रक्रमाने घ्यावा. सर्वानुमते. मौज म्हणजे अनुमोदन द्यायला हात वर केला तो खुद्द वक्त्यांनी. इतकं दूरचं आश्वासन त्यांना चालण्यासारखं होतं. कारकुनांच्या समितीत एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही, की वहीत गेलेलं बाहेर काढता येत नाही.

मग संक्रांत आली. वहिनींच्या खोलीत हळदीकुंकू होतं. बायका येत होत्या, तिळगूळ आणि वाण घेऊन जात होत्या. माई अर्थातच आत नव्हत्या. त्या समोर गॅलरीत सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या, आणि आमंत्रणाच्या फेऱ्या संपवून मीही त्यांना मदत करत होते. साडेसहाला वक्ते कचेरीतून आले. आत बायका बघून चपला काढता काढता थबकले, आणि कठड्याला टेकून उभे राहिले. पहिली तुकडी गेली, दुसरी आली. ते उभेच. दोन तास. घाम पुसत, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना "या, या" म्हणत.

माई तांदळातून मान न उचलता म्हणाल्या, "बघितलंस? आत हळदीकुंकू चाललंय तोवर पुरुष उंबरा ओलांडत नाही. हा वाघसुद्धा नाही."

"मग रोज हळदीकुंकू करायचं," मी गमतीने म्हटलं.

"रथसप्तमीनंतर काय सांगशील?"

मी एक खडा काढून बाजूला टाकला. "व्रत आहे म्हणून सांगू."

"कुठलं?"

आणि आजवर ज्या गोष्टीसाठी मला आईची बोलणी खावी लागली, सासूने नाक मुरडलं, ती माझी थापा मारण्याची कला त्या सुपाजवळ पहिल्यांदा लोकांच्या उपयोगी पडली. तांदूळ निवडून होईतो देवी तयार होती. नाव उंबरठागौर. व्रत सोळा दिवसांचं. रोज दिवेलागणीला निदान पाच बायकांनी व्रत घेणारीच्या घरी जमायचं, दिवा लावायचा, कहाणी ऐकायची. कहाणी संपेपर्यंत घरधन्याने बाहेर बसायचं, आणि जमलेल्या बायकांच्या घरी तोवर स्टोव्ह पेटवायचा नाही. त्या घरात ह्या दिवसांत बाईवर हात उचलला गेला, तर व्रत मोडलं. मग दुप्पट दिवसांचं, पुन्हा पहिल्यापासून. हे शेवटचं कलम माईंचं.

मी माझ्याकडून एक कलम घातलं, की उंबरठ्यावर बसायचा मान विधवेचा. माईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "असं कुठे असतं गो?" म्हणाल्या.

"आजपासून असतं," मी म्हटलं. "उंबरठ्यावर कुणीतरी खंबीर माणूस पाहिजे की नको?"

पुढचे सगळे दिवस त्या स्वच्छ धुतलेलं लुगडं नेसून वेळेआधी हजर असत.

कहाणी मीच सांगे. एक होतं शहर, त्यात एक माणूस, बाहेर सोन्याचा आणि घरात निखाऱ्याचा. त्याच्या दाराशी रोज एक म्हातारी येऊन बसे आणि म्हणे, मला भिक्षा नको, तुझ्या घरातलं बोलणं ऐकू दे. अशी सुरुवात. पुढे राजा, वाघ, बोलणारी घागर, समुद्रातून चालत येणारा पिंपळ, ज्या दिवशी जे सुचेल ते. शेवट एकच, त्या माणसाने उचललेला हात तसाच वर राहतो आणि सगळं शहर बघायला येतं. कहाणी पाऊण तासाची. मन लावलं तर दोन तासांचीही होई.

अध्यक्षांना शंका आली. त्यांनी शेजारच्या देवळातल्या गुरुजींना गाठलं. गुरुजींनी हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं, पण ते कबूल कसं करणार? डोळे मिटून म्हणाले, "हो तर. देशावर करतात. फार कडक असतं." त्या दिवशी आम्हाला शास्त्राधारही मिळाला.

नऊ दिवस बरे गेले. दहाव्या दिवशी सकाळी वक्त्यांनी वहिनींना हाताला धरून भिंतीवर ढकललं, कोपर फुटलं. संध्याकाळी माईंनी उंबरठ्यावरून जाहीर केलं, "व्रत मोडलं. आता बत्तीस."

आता इथे चाळीच्या पुरुषांचा चळवळीत प्रवेश झाला. वीस घरांतली जेवणं रोज दोन तास लांबत होती. सोळा दिवस त्यांनी धर्म म्हणून सोसायचं ठरवलं होतं. बत्तीस ऐकल्यावर त्यांची न्यायबुद्धी जागी झाली. ज्यांना वर्षानुवर्षं भिंतीपलीकडचं ओरडणं ऐकू आलं नव्हतं, त्यांना आता सतरा नंबरात पळी पडली तरी ऐकू येऊ लागलं. वक्ते कचेरीला निघाले की दोघं बरोबर निघत, परत येताना ट्रामच्या थांब्यावर दोघं उभे असत. एकोणीस नंबरचे गृहस्थ रोज सकाळी गॅलरीत, नेमके सतरा नंबरच्या दारासमोर आरसा टांगून, तासभर दाढी करत. त्यांना दाढी फार नव्हती. आमचे हे मला एकदा म्हणाले, "आज आमटी जरा लवकर..." मी म्हटलं, "वक्त्यांच्या हातात आहे." ते उठले आणि पहिल्यांदाच जाऊन भिंतीवर मूठ आपटून आले. पलीकडे काही चाललं नव्हतं. सराव असावा म्हणून आपटली, म्हणाले.

मी हे हसत लिहितेय, पण एका संध्याकाळी मला हसू नव्हतं. पंचविसावा दिवस असेल. वक्ते कचेरीतून लवकर निघाले, सोबतीच्या माणसांना चुकवून आले, आणि आम्ही जमायच्या आधी आतून कडी लावून बसले. आत वहिनी. माई उंबरठ्यावर बसल्या आणि दाराला कान लावला. आतून वक्त्यांचा आवाज येत होता, भाषणातला नव्हे, दुसरा. "माझ्या घरात मला परका करता? बोलाव आता तुझ्या गौरीला."

माईंनी दाराला लावलेला कान काढला. मला म्हणाल्या, "सुरू कर. मोठ्याने."

मी कहाणी सुरू केली. घसा फाडून. माझ्या मागे बायका बसल्या, गॅलरी भरली, जिना भरला. एकेक पुरुष कचेरीतून येत होता आणि डबा हातात घेऊन तसाच उभा राहत होता. मी राजा आणला, वाघ आणला, घागर बोलायला लावली, आणि शेवटाजवळ आले की पुन्हा नवा राजा आणत राहिले, कारण शेवट केला तर लोक घरी जातील, ही भीती. अध्यक्ष वर आले. ते दाराशी वाकले आणि म्हणाले, "वक्तेसाहेब, दार उघडा. चाळीच्या एकाही मजल्यावर स्टोव्ह पेटवलेला नाही." मग थोडं थांबून, जरा वेगळ्या आवाजात, "आणि आम्ही सगळे इथे आहोत. वहिनी, ऐकू येतंय ना?"

कडी वाजली. दार वहिनींनी उघडलं. बाहेर आल्या आणि माईंच्या शेजारी उंबरठ्यावर बसल्या, माईंचा हात धरून. त्यांच्या मागे खोलीच्या मधोमध वक्ते उभे होते, हातात पट्टा, आणि समोर त्यांची सगळी सभा. वीस बायका, चाळीस पुरुष. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, पट्टा कमरेला लावायला लागले. भोक सापडेना.

"चौसष्ट," माई म्हणाल्या.

चौसष्ट दिवस भरत आले तेव्हा महाराष्ट्र झाला. चाळीला इतके दिवे लावले की कावळे पहाट झाली समजून बोलायला लागले. गुलाल, पेढे, मिठ्या. वक्ते बोलले, चांगलं बोलले. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. महाराष्ट्र माझाही होताच की.

दुसऱ्या दिवशी, गुलालाची झाडलोट व्हायच्या आधी, माई समितीच्या खोलीत गेल्या. मागे आम्ही, आणि ह्या खेपेला आमच्या मध्ये वहिनी.

"झाला महाराष्ट्र," माई म्हणाल्या. "घ्या विषय."

"कुठला विषय?" अध्यक्षांनी विचारलं.

माईंनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठले, कपाटातून वही काढली, पान उलगडलं. वक्ते हसून म्हणाले, "अहो, चिटणीस, आनंदाच्या दिवशी कुठे असलं..." आमचे हे चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत म्हणाले, "वहीत आहे. तुमचं अनुमोदन आहे." आणि सबंध ठराव वाचला, 'सर्वानुमते'सकट. लग्नानंतर त्या दिवशी मला हा माणूस पहिल्यांदा देखणा वाटला.

"वहिनी, तुमचं म्हणणं काय?" अध्यक्ष म्हणाले.

"मला माझ्या खोलीत राहायचंय. ह्यांनी दुसरीकडे राहावं."

"पण नवऱ्याने जायचं तरी कुठे?"

"मला जायला सांगत होते तेव्हा मलाही कुणी जागा सुचवली नव्हती," वहिनी म्हणाल्या. "मी सुचवते. ही खोली आता रिकामीच होणार ना?"

सगळ्यांनी खोलीभर नजर फिरवली. झेंडे, फलक, खळीचा डबा, बाकडं. बाकडं झोपायला पुरेसं लांब होतं.

"आणि ठराव झाला नाही," माई सहज म्हणाल्या, "तर उद्यापासून एकशे अठ्ठावीस."

सर्वानुमते मंजूर झाला. वक्त्यांचा हात वर गेला नाही, म्हणून ह्यांनी 'एक तटस्थ' असं लिहिलं. जेवणाचं काय, असं कुणीतरी काढलं, तर वहिनी म्हणाल्या, ठाकूरद्वारला खानावळी आहेत. वक्ते बरीच वर्षं जिन्याखाली राहिले. 'महाराष्ट्राच्या लेकी' असं लिहिलेला एक फलक त्यांनी पाऊस अडवायला खिडकीला लावला होता. वर सतरा नंबरात वहिनींनी भरतकामाचा वर्ग काढला; संध्याकाळी सहाला, मुद्दाम.

मध्यंतरी दादरला एका ओळखीच्या घरी गेले होते. दिवेलागणीला शेजारच्या घरात बायका जमू लागल्या. यजमानीण म्हणाली, "चला मावशी, उंबरठागौर आहे. बिचारीचं घर जरा... तुम्हाला कळेलच." त्या घरची तरुण सून कोपऱ्यात बसली होती, मनगटावर पट्टी. उंबरठ्यावर एक म्हातारी विधवा, ताठ. बाहेर जिन्यावर एक माणूस रागाने पाय हलवत बसलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन शेजारी, घड्याळात बघत. कहाणी सांगणारी मुलगी राजा विसरली. मी हळूच म्हटलं, "वाघाच्या आधी राजा येतो."

ती माझ्यावर रागावली. "नाही हो मावशी, राजा नाहीच ह्यात. हे फार जुनं आहे, आमच्या पणजीपासून चालत आलंय. कोकणात करतात."

मी मान डोलावली. पट्टी बांधलेल्या सुनेला विचारलं, "कितवा दिवस गं?"

"पाचवा," ती म्हणाली. "ह्या खेपेचा."

तेव्हा मी पदर खोचून पुढे सरकले आणि त्या मुलीला म्हटलं, "राजा नको तर नको. पण घागर मी सांगते, मला ती लांबवता येते."